परळचं बिऱ्हाड

"तीस शेक घ्यावे लागतील. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. शनिवार-रविवार सुट्टी."

परळच्या टाटा रुग्णालयात हे वाक्य रोज अनेकांच्या वाट्याला येतं. डॉक्टरांसमोर रुग्ण आणि सोबतचा माणूस दोघंही मान डोलावतात. हिशोब सुरू होतो तो बाहेर आल्यावर. शेक म्हणजे किरणोपचार. तीस शेक म्हणजे सहा आठवडे. प्रत्यक्ष शेकाला दहा-पंधरा मिनिटं, त्याआधीची रांग धरली तर दोन-तीन तास. उरलेला दिवस आणि सगळी रात्र कुठे काढायची? "दाखल करून घेणार नाही का?" असं कुणी धीर करून विचारलंच, तर उत्तर मिळतं, "काका, याला अॅडमिशन लागत नाही. रोज यायचं, शेक घ्यायचा आणि घरी जायचं." घर मात्र चिखलदऱ्याला असतं, नाहीतर किनवटला, नाहीतर दरभंग्याला.

कर्करोगाचा बराचसा उपचार आता रुग्णाला दाखल न करताच दिला जातो, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच आहे. खाटा शस्त्रक्रियेसाठी आणि गंभीर रुग्णांसाठी मोकळ्या राहतात, जास्त लोकांना उपचार मिळतो, आणि दुबळ्या झालेल्या शरीराला रुग्णालयातले जंतू बाधण्याचा धोकाही कमी होतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला तीस ते पस्तीस शेक लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला बाहेरून पंचवीस, त्यांच्या जोडीला आठवड्याला एक केमो, मग आतून द्यायचे शेक, आणि हे सगळं आठ आठवड्यांत संपवायचं असतं. केमोची चक्रं अनेकदा २१ दिवसांनी येतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा एक नेहमीचा प्रकार आहे, त्याचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो, आणि त्यातले पहिले काही महिने रुग्णालयापासून फार लांब जाताच येत नाही. शिवाय उपचार सुरू होण्याआधीचे दिवस कुणी मोजत नाही. फाइल काढायची, गावाकडच्या तपासणीतल्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासायला द्यायचे, स्कॅनची तारीख मिळवायची, तोंडाला शेक द्यायचे असतील तर खराब दात आधी काढून जखम भरू द्यायची. पहिला शेक मिळेपर्यंत घरून आणलेले पैसे अर्धे संपलेले असतात.

म्हणजे रुग्णालयाच्या खाटेचं काम आता रुग्ण जिथे पाठ टेकतो त्या जागेवर येऊन पडलं आहे. ती जागा मिळवण्याची जबाबदारी मात्र रुग्णावरच राहिली आहे. माझा मुद्दा एवढाच आहे: ती जागा हा उपचाराचाच भाग आहे. औषध आणि यंत्र जितकं आवश्यक, तितकीच ती आवश्यक आहे.

हे भावनेच्या भरात लिहीत नाही. शरीराचा हिशोबच तसा आहे. सिस्प्लॅटिन हे केमोतलं एक जुनं आणि स्वस्त औषध. तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शेकांच्या जोडीला ते सर्रास दिलं जातं. ते मूत्रपिंडांना घातक ठरू शकतं, म्हणून शिरेतून सलाइन देतात आणि घरी भरपूर पाणी प्यायला सांगतात. आता फुटपाथवर राहणाऱ्या बाईचा विचार करा. रात्री अंधारात स्वच्छतागृह शोधत जायचं, तेही दर वेळी पैसे मोजून, म्हणून ती संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडते. ओटीपोटाला शेक चालू असले की जुलाब होतात, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं. ती बाई मग खाणंही कमी करते. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला समजत नाही असं मुळीच नाही. जागाच नसेल तर ते पाळायचं कसं?

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला गिळता येत नाही, तेव्हा नाकातून पोटात नळी घालतात. त्या नळीतून दर दोन-तीन तासांनी पातळ, गाळलेलं अन्न द्यायचं असतं: डाळीचं पाणी, दूध, अंडं, मऊ भात मिक्सरमधून काढून. त्यासाठी शेगडी लागते, मिक्सर लागतो, उकळलेलं पाणी आणि स्वच्छ भांडी लागतात. शेकाच्या आधी त्वचेवर शाईनं खुणा करतात, यंत्राचा नेम त्यांच्यावर धरलेला असतो. त्या पुसू द्यायच्या नाहीत, त्या जागी साबण लावायचा नाही, उन्हात ती त्वचा उघडी ठेवायची नाही. परळच्या ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला दिवसभर बसलेल्या माणसाला घामाच्या धारा लागतात, आणि तो गळ्यावरची निळी रेघ टिकावी म्हणून मान न हलवता बसून राहतो.

सगळ्यात मोठी भीती तापाची. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. "काउंट पडले" हे शब्द परळच्या प्रत्येक धर्मशाळेत रोज कानावर येतात. या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर वाट पाहायची नाही, ताबडतोब रुग्णालय गाठायचं आणि शक्य तितक्या लवकर शिरेतून प्रतिजैविक सुरू करायचं. काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. याच दिवसांत "दोन केमोंच्या मध्ये घरी जाऊन या" म्हणून माणूस बसनं बारा-चौदा तासांवरच्या गावी गेलेला असतो. तिथे ताप येतो. जवळच्या दवाखान्यात पॅरासिटामॉलची गोळी मिळते.

टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. उपचारासाठी त्यांना इंग्लंडात नेलं होतं, मृत्यू आला तो वेल्समध्ये. पती दोराबजीही पुढच्याच वर्षी वारले. असे उपचार आपल्याकडे व्हावेत या दोराबजींच्या इच्छेतून दोराबजी टाटा ट्रस्टनं हे रुग्णालय उभारलं. देशातलं कर्करोगाचं हे मोठं रुग्णालय अशा प्रकारे घरापासून फार लांब संपलेल्या एका आजारपणातून निघालं आहे. १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ते हाती घेतलं, १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. रुग्णालयाच्या रस्त्याला नाव आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय शल्यचिकित्सकांचं, आणि त्यांच्याच नावानं वांद्र्याला रुग्णांसाठी निवासही आहे.

रुग्णालय उभं राहिलं तेव्हाचं परळ म्हणजे गिरणगाव. जवळच १९२६ पासूनचं केईएम, पलीकडे वाडियांची रुग्णालयं, आणि सगळीकडे चाळी. त्या काळी गावाकडून आलेल्या आजारी माणसाची सोय कशी व्हायची, हे जुन्या गिरणगावकरांना ठाऊक आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांच्या मुंबईत गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत दहा-पंधरा गिरणी कामगार पाळीपाळीनं झोपायचे, जेवण खाणावळीचं. गावातून कुणी केईएमला किंवा टाटाला दाखवायला आला, तर त्याला पत्ता विचारावा लागत नसे. तो आपल्या गावच्या खोलीत उतरायचा. त्याच्यासोबत रांगेत उभा राहणारा रात्रपाळी करून आलेला कुणीतरी असायचाच. गोव्याच्या गावांचे कूड होते, धोबीतलाव आणि माझगावच्या बाजूला. नोकरीच्या किंवा बोटीच्या शोधात आलेल्या गावकऱ्याला तिथे पेटी ठेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कसा संपला हे सांगायला नको. गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले. गिरणगावाच्या ऱ्हासावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यात आजारी माणसाचं हे हक्काचं बिऱ्हाडही गेलं, याची नोंद फारशी झालेली नाही. रुग्णालयं तिथेच राहिली, रुग्ण वाढत गेले आणि त्यांना सामावणारी वस्ती तेवढी नाहीशी झाली. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात साडेचौदा लाखांहून अधिक नवे कर्करुग्ण आढळले. त्यांतले किती परळला येतात हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी टाटासमोरच्या फुटपाथवर सकाळी नजर टाकली की पुरतं. प्लास्टिकचं कापड, त्याखाली गाठोडं, एक्स-रेचं मोठं पाकीट उशाशी, आणि फाइल पोटाशी धरून झोपलेला माणूस. बाकी सगळं गेलं तरी चालेल, फाइल जाता कामा नये.

धर्मशाळा आहेत, आणि त्या नसत्या तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांना घाण आणि अंधश्रद्धा सोडायला सांगितलं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्यांनी पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, आणि १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली, हे मला त्यांचं फार दूरदृष्टीचं काम वाटतं. यात्रेकरूसाठी धर्मशाळा बांधणारे पुष्कळ होते. रुग्णालयाच्या दारात ताटकळणाऱ्या माणसालाही डोक्यावर छप्पर लागतं, हे बाबांनी ओळखलं. त्यांच्या नावानं चालणारी दादरची धर्मशाळा आज प्रामुख्यानं कर्करुग्णांना आसरा देते. परळलाच नाना पालकर स्मृती समिती आहे, १९६८ पासूनची. तिथे बाहेरगावच्या रुग्णांची अल्पदरात राहण्याची सोय होते. हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत ट्रस्टनं टाटाबाहेरच्या लोकांना दोन वेळचं जेवण देण्याचं काम वर्षानुवर्षं चालवलं आहे. आणि ज्यांच्याकडे आमदाराचं पत्र असतं, ते आमदार निवासात सतरंजी पसरतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी कुटुंबांनी मुंबईतला उपचार असाच पार पाडला आहे.

धर्मशाळेत जागा मिळवणं हेही एक काम असतं. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी, फाइल, दोघांचं आधार कार्ड. रुग्णासोबत एक माणूस, फार तर दोन. जागा नसेल तर नाव यादीत. "मावशी, उद्या सकाळी या, एक कुटुंब गावी जाणार आहे," असं सांगणारा कर्मचारी निष्ठुर नसतो. त्याच्या पाठीमागच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरलेली नसते. पण ती रात्र मावशीला बाहेर काढायची असते. खासगी खोलीवाले स्टेशनपासूनच गाठतात. दिवसाला शेकडो रुपये भाडं, एका खोलीत पडदा लावून दोन-तीन कुटुंबं. सहा आठवड्यांचं हे भाडं पुष्कळदा औषधाच्या बिलापेक्षा जास्त होतं, कारण औषधाला योजना असते.

जागा मिळाली की मात्र धर्मशाळेत एक वेगळीच शाळा भरते. जुना रुग्ण नव्याला शिकवतो: कोणत्या खिडकीवर गर्दी कमी असते, तोंडात फोड आले की काय गिळायला सोपं जातं, नळी कशी धुवायची. केस गेलेल्या पोरीला बिहारची एखादी बाई जवळ घेऊन ओढणी बांधायला शिकवते, आणि दोघींची भाषाही एक नसते. ही माहिती कुठल्या पत्रकात मिळत नाही. फुटपाथवर राहणाऱ्याला किंवा भाड्याच्या खोलीत एकट्या पडलेल्याला ती मिळत नाही, हाही जागेचाच तोटा.

मुलांच्या बाबतीत हा विचार सगळ्यात नीट झाला. निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स सुरू केलं. बाहेरगावच्या गरीब कुटुंबातलं कर्करोग झालेलं मूल आणि त्याचे आईवडील यांना उपचार चालू असेपर्यंत मोफत राहता येतं. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची छोटी खोली, सामाईक स्वयंपाकघरात स्वतःची शेगडी, मुलांसाठी शिकवणी, समुपदेशन, रुग्णालयात ने-आण. मुंबईत कॉटन ग्रीनला, नवी मुंबईत खारघरला, आणि आता देशातल्या अनेक शहरांत त्यांची केंद्रं आहेत. बालकर्करोगाचे डॉक्टर बऱ्याच काळापासून सांगत आले आहेत की गरीब देशांत मुलं दगावण्याचं एक मोठं कारण उपचार अर्धवट सुटणं हे असतं. औषध असतं, डॉक्टर असतात, पण तिसऱ्या महिन्यात बाप म्हणतो की आता जमत नाही, आणि कुटुंब गाडीत बसतं. राहण्या-जेवण्याची, प्रवासाची व्यवस्था झाली की हे सोडून जाणं कमी होतं. ल्युकेमियाचं पोर वाचवायला आईच्या शेगडीचाही वाटा असतो, हे मी शब्दशः खरं मानतो.

मोठ्यांसाठी असा प्रयत्न झाला त्याची गोष्ट मात्र जिव्हारी लागणारी आहे. २०२१ मध्ये म्हाडानं करी रोडजवळच्या हाजी कासम चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतल्या १०० सदनिका टाटा रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरवलं. मे महिन्यात चाव्याही दिल्या गेल्या. रुग्णालयापासून चालत जाता येईल इतकं ते अंतर. जूनमध्ये तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, स्थानिक आमदारांनी त्यांची बाजू मांडली, आणि मुख्यमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. पाठोपाठ बॉम्बे डाइंगच्या आवारातल्या सदनिकांचा पर्याय जाहीर झाला. रहिवाशांचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावत नाही. सतत बदलणारी अनोळखी माणसं, सुरक्षितता, लिफ्टवरचा ताण हे प्रश्न खरे असतात आणि चांगल्या व्यवस्थापनानं सुटतातही. पण अशा विरोधामागे आणखी एक न बोललेली गोष्ट असते. कर्करोगाची भीती. आजार शेजारी नको. म्हणून स्पष्ट लिहितो: कर्करोग स्पर्शानं, श्वासानं, एका लिफ्टमधून गेल्यानं होत नाही. बाहेरून शेक घेऊन आलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. धोका असलाच तर उलट दिशेनं असतो. काउंट पडलेल्या रुग्णाला आपल्या सर्दी-खोकल्यापासून जपावं लागतं.

आणि हा विरोध झाला तो गिरणगावात, हे मला जास्त खुपतं. ज्या वस्तीनं गावाकडच्या आजाऱ्याला खोलीत जागा करून दिली, तिथेच.

सोबत राहणाऱ्या माणसाबद्दल थोडं. रुग्णाला निदान नाव आणि फाइल नंबर असतो. सोबतच्याला "नातेवाईक" एवढीच ओळख. तो गावाकडचं काम सोडून आलेला असतो. सोयाबीन काढायला आलेलं, म्हैस शेजाऱ्याकडे बांधलेली, धाकटी मुलं आजीजवळ. बायको आजारी असेल तर नवरा महिनाभरानं पैशांसाठी परत जातो आणि सोबतीला सोळा-सतरा वर्षांची मुलगी येते. तिची दहावी-बारावी त्या वर्षी राहून जाते आणि बहुधा कायमचीच. कुठल्याही सरकारी हिशोबात हे नुकसान धरलेलं नसतं. दिवाळीत तर ही ओढाताण फारच होते. घरून फोन येतात, "दोन दिवस येऊन जा गं." पण डोक्या-मानेच्या कर्करोगात शेक एक दिवस लांबले, तरी रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं घटते, असं अभ्यास सांगतात. सणासाठी गावी जाऊन आठवड्यानं परतणं म्हणजे काय, हे यावरून कळेल. जो धर्मशाळेतच भाऊबीज करतो, तो बरोबर करतो.

"मग मुंबईला यायचंच कशाला?" असं विचारलं जातं. प्रश्न योग्य आहे. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, नागपूरचं तुकडोजी महाराजांच्या नावाचं रुग्णालय आणि तिथलीच राष्ट्रीय कर्करोग संस्था, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, यांनी कितीतरी लोकांची मुंबई वाचवली आहे. सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातात. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं १८ रुग्णालयांमधून तीन स्तरांवर कर्करोग उपचार देण्याचं धोरण मंजूर केलं. ते नेटानं राबवलं जावं. शेकांची संख्याही कमी होते आहे. स्तनाच्या कर्करोगात पंचवीसऐवजी पंधरा शेक पुरतात हे सिद्ध झालं आहे, आणि काही निवडक रुग्णांना तर एका आठवड्यात पाच. शेक कमी झाले की परगावातल्या रात्रीही कमी होतात. पण यंत्र जिल्ह्याच्या गावी आलं तरी राहण्याचा प्रश्न सुटत नाही. धडगावच्या माणसाला नाशिकलाही राहावंच लागतं. भूमच्या बाईला बार्शीला रोज जा-ये करणं केमोनंतर झेपत नाही. नवं रुग्णालय बांधताना त्याच आराखड्यात निवासाची इमारत नसेल, तर परळचा फुटपाथ आपण गावोगाव नेणार आहोत.

सरकारनं यातलं बरंच मान्य केलेलं आहे, फक्त शेवटचं पाऊल टाकलेलं नाही. कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला ७५ टक्के. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर गेलं. म्हणजे येण्याचे पैसे मिळतात, शेकाचे मिळतात. येणं आणि शेक यांच्या मधल्या रात्रींचे मिळत नाहीत. तीस शेकांचा खर्च योजनेतून मंजूर होतो, राहायला जागा नाही म्हणून माणूस अठराव्या शेकानंतर निघून जातो, आणि सगळा पैसा व माणूस दोन्ही वाया जातात. शेक आणि केमोच्या पॅकेजमध्येच बाहेरगावच्या रुग्णासाठी दररोजचा निवास आणि भोजन भत्ता धरला पाहिजे, आणि तो रुग्णाच्या हातात किंवा नोंदणीकृत धर्मशाळेला थेट मिळाला पाहिजे. क्षयरुग्णांच्या खात्यात पोषणासाठी दरमहा रक्कम जमा करण्याची पद्धत देशात रुळलेली आहे. नवीन काही शोधून काढायचं नाही.

आणि वाचकहो, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. ओळखीतल्या कुणाला कर्करोग झाल्याचं कळलं, तर "काही लागलं तर सांगा" म्हणून थांबू नका. "उपचार कुठे घेणार, तिथे राहणार कुठे, सोबत कोण आणि घरी मुलांजवळ कोण?" हे चार प्रश्न विचारा आणि त्यातल्या एकाची जबाबदारी घ्या. दुसरं, तुमच्या सोसायटीत किंवा वस्तीत कर्करुग्णांच्या निवासाचा प्रस्ताव येईल तेव्हा त्या सभेला जा. विरोध करणारे नेहमी हजर असतात. बाजूनं हात वर करणाऱ्यांनी घरी बसू नये.